दहा रात्री, चार शहरं, एक बस: लेकीच्या हायस्कूलची युरोप सहल

"पाठवू का गं पोरीला?" हा प्रश्न मला गेल्या काही महिन्यांत निदान सहा आयांनी विचारला. प्रत्येकीला फोनवर घाईघाईत काहीतरी सांगितलं आणि प्रत्येक वेळी महत्त्वाचं काहीतरी राहूनच गेलं. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेकीचं दहावीचं वर्ष संपलं आणि २०२५ च्या जूनअखेर ती शाळेच्या ग्रुपबरोबर पॅरिस, ल्युसर्न, फ्लॉरेन्स आणि रोम अशी फिरून आली. मी शॅपरोन म्हणून, म्हणजे मुलांवर लक्ष ठेवायला बरोबर होते. सहल ठरवली इतिहासाच्या बाईंनी, चालवली बाहेरच्या कंपनीने. या कंपनीचा हिशोब असा, की सहा मुलांमागे एक मोठं माणूस फुकट. मुलं बावीस, त्यामुळे बाई, गणिताचे सर आणि मी असे तिघं फुकट गेलो. लेकीचे मात्र पूर्ण ५,६०० डॉलर भरले. त्यात विमान, हॉटेल, सकाळचा नाश्ता, रात्रीचं जेवण, बस, गाईड आणि ठरलेल्या ठिकाणांची तिकिटं आली. दुपारचं जेवण, टिप, पॅरिसमधली बोट आणि पिलाटुस डोंगर यांचे पैसे वेगळे. ते आणखी ७०० डॉलरच्या आसपास गेले. माहितीपत्रकात हे सगळं लिहिलेलं असतं, पण शेवटच्या पानावर.

आधी व्हिसाचं सांगते, कारण आपल्या घरांमध्ये घोळ तिथेच होतो. लेक इथे जन्मली, तिचा पासपोर्ट अमेरिकन, तिला व्हिसा लागत नाही. माझा पासपोर्ट भारतीय. ग्रीन कार्ड असलं तरी शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा काढावाच लागतो. ग्रुपमधल्या दोन मुलांचेही पासपोर्ट भारतीय होते. कंपनीच्या पत्रात यावर एकच ओळ होती: "अमेरिकन नसलेल्यांनी स्वतः चौकशी करावी." फोन केला तर तिथल्या मुलीने सांगितलं, पहिल्यांदा पॅरिसला उतरता म्हणजे फ्रान्सकडे अर्ज करा. हे चुकीचं आहे. ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा. सगळीकडे सारखाच मुक्काम असेल तरच पहिल्या देशाचा विचार. आमच्या फ्रान्समध्ये तीन रात्री, स्वित्झर्लंडमध्ये दोन आणि इटलीत पाच. म्हणजे अर्ज इटलीकडे. मी रात्रींची बेरीज केली म्हणून वाचले, आणि त्या दोन मुलांच्या आयांनाही लगेच फोन केले. फी ९० युरो, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, तेव्हा पहिल्या आठवड्यातच हात घाला.

दुसरी गोष्ट कंपनीने निघायच्या तीन आठवडे आधी कळवली. बस भरायची म्हणून टेक्सासच्या एका शाळेचा ग्रुप आमच्यात जोडला होता. एकूण सत्तेचाळीस माणसं. मुलं चांगली होती, दोन दिवसांत एकमेकांत मिसळलीही. पण सत्तेचाळीस जणांचा ग्रुप म्हणजे प्रत्येक संडासाच्या थांब्याला अर्धा तास, प्रत्येक चौकात डोकी मोजणं, आणि गाईडचा आवाज कानातल्या यंत्रातून. पंचवीस जणांची सहल म्हणून पैसे भरले होते, मिळाली दुप्पट गर्दीची. हे करारात लिहिलेलं होतं म्हणून योग्य ठरत नाही.

हॉटेलांबद्दल थोडक्यात. "पॅरिस परिसरात" असं लिहिलं असेल तर परिसर किती मोठा ते विचारा. आमचं हॉटेल लोकल ट्रेनने तासभर बाहेर होतं. खोल्या स्वच्छ, मुलं चौघं-चौघं एका खोलीत. ल्युसर्नला एसी नव्हता आणि त्या आठवड्यात सगळ्या युरोपात उन्हाचा कडाका होता, रात्री खिडक्या उघड्या टाकून झोपलो. रात्री अकराला आम्ही मोठी माणसं प्रत्येक खोलीच्या दाराला बाहेरून कागदी चिकटपट्टी लावायचो आणि पहाटे जाऊन बघायचो. दहा रात्रींत एकही पट्टी तुटली नाही. मला या मुलांचं कौतुक वाटलं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. या सहलीत पैसे कुठे वसूल झाले असतील तर टूर डिरेक्टरमध्ये. विमानतळापासून परतीच्या विमानापर्यंत ग्रुपबरोबर राहणारी ही एक व्यक्ती असते. आमची डिरेक्टर रोमची, पन्नाशीची, चार भाषा बोलणारी. तिने पहिल्याच दिवशी, रात्रभराच्या विमानप्रवासाने पेंगुळलेल्या मुलांना, लूव्रच्या शेजारच्या त्युइलरी बागेत उभं केलं. म्हणाली, "इथे राजवाडा होता. १७९२ च्या १० ऑगस्टला जमाव त्यात घुसला. राजाचं रक्षण करणारे सैनिक फ्रेंच नव्हते, स्विस होते, पगारी. ते इथे शेकड्यांनी मारले गेले. राजवाडाही पुढे १८७१ मध्ये जळाला. तुम्हाला इथे बघायला काही नाही. फक्त तारीख लिहून ठेवा, मी पुन्हा विचारणार आहे." इतिहासाच्या बाईंनी सगळ्यांना छोट्या वह्या दिल्या होत्या. अर्ध्या मुलांनी लिहिलं, अर्ध्यांनी नाही.

लूव्र संग्रहालयातही डिरेक्टरने असंच केलं. मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटिमीटरची, आणि तिच्यासमोर शेकडो मोबाइल उंचावलेले. मुलांनी फोटो काढले. मग तिने सगळ्यांना पाठ फिरवायला लावली. समोरच्या भिंतीवर व्हेरोनेसे या चित्रकाराचं, बायबलमधल्या काना गावातल्या लग्नाचं चित्र आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद. १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते व्हेनिसमधून उचलून आणलं. "हे परत द्यायला हवं होतं का?" एवढंच विचारून ती गप्प राहिली, आणि मुलं पुढच्या तीन दालनांत भांडत होती. लेक मला म्हणाली, "आई, मग कोहिनूरचं काय?" तिने हा प्रश्न स्वतःहून विचारला, याचा मला फार आनंद झाला.

पॅरिसची तक्रार वेगाची. जूनअखेर तिथे सूर्य दहाच्या सुमाराला मावळतो. आयफेल टॉवरचे लुकलुकणारे दिवे अंधार पडल्यावर, दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं लागतात. म्हणजे बोटीतून ते बघायचे तर अकरा वाजणार. मग हॉटेलवर पोचायला साडेबारा, आणि सकाळी सहाला गजर. तिन्ही दिवस असंच. तिसऱ्या दिवशी नोत्र दामच्या रांगेत दोन मुली फरशीवर बसून झोपल्या. २०१९ च्या आगीनंतर २०२४ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा उघडलेलं ते चर्च, आतून दगड नवे धुतल्यासारखे उजळ, आणि आमची मुलं डोळे उघडे ठेवायला धडपडत होती. कार्यक्रम आखणाऱ्याने सोळा वर्षांच्या मुलाला आठ तास झोप लागते हे धरलंच नव्हतं. त्याच दिवशी मेट्रोत एका मुलाचा मोबाइल गेला. दार बंद होता होता कोणीतरी हातातून ओढून पसार. कंपनीच्या चोवीस तासांच्या नंबरवर मात्र लगेच माणूस मिळाला, पोलिसांकडे तक्रार नोंदवायलाही मदत झाली. तिथे कंपनीला पूर्ण गुण.

पॅरिसहून ल्युसर्नला ट्रेनने, बाझलला गाडी बदलून. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डिरेक्टर आम्हाला एका जुन्या दगडाच्या खाणीपाशी घेऊन गेली. कातळात कोरलेला सिंह, दहा मीटर लांब, पाठीत मोडलेला भाला, पंजाखाली कमळासारखं फ्रेंच राजचिन्ह असलेली ढाल. खाली पाण्याचं तळं. ती काही बोलली नाही. मुलं वर कोरलेलं लॅटिन वाचायचा प्रयत्न करत होती. तेवढ्यात टेक्सासच्या ग्रुपमधला एक मुलगा, इतके दिवस ज्याचा आवाज ऐकला नव्हता तो, हळूच म्हणाला, "दहा ऑगस्ट." खाली कोरलेली तारीख त्याला दिसली होती. मग सगळ्यांच्या वह्या निघाल्या. थोरवाल्डसेन या शिल्पकाराच्या नमुन्यावरून हा सिंह १८२० ते २१ मध्ये कोरला गेला आणि त्युइलरीत मेलेल्या त्याच सैनिकांसाठी. ज्या मुलांनी पॅरिसमध्ये तारीख लिहिली नव्हती, त्यांनी ती इथे लिहिली. मी तिथेच ठरवलं, की या बाईबद्दल लिहायचं.

पिलाटुसचे पैसे वेगळे भरावे लागले, पण ते भराच. अल्पनाखश्टाडहून दातेरी रुळांची गाडी वर जाते, जगातली सर्वांत चढी, काही ठिकाणी ४८ टक्के चढ. ती १८८९ मध्ये सुरू झाली, आयफेल टॉवर उभा राहिला त्याच वर्षी, आणि हे मुलांनी स्वतःच जुळवलं. ही गाडी हिवाळ्यात बंद असते, तेव्हा स्प्रिंग ब्रेकची सहल घेणाऱ्यांनी नीट विचारून घ्यावं. वर दोन हजार मीटरवर वारा इतका गार, की आठवड्यात पहिल्यांदा सगळे ताजेतवाने दिसले. मी पर्समधून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, पाच मिनिटांत डबा रिकामा. टेक्सासच्या मुलांनी चटणी नुसती बोटाने चाटून खाल्ली.

डब्यावरून जेवणाचं सांगते. मी कोल्हापूरची, मला सगळं चालतं. पण ग्रुपमध्ये चार मुलं शाकाहारी होती, त्यातली एक जैन. कंपनीचा आहाराचा फॉर्म असतो, आम्ही तो भरला होता. पॅरिसमध्ये पहिल्या रात्री बाकीच्यांना चिकन आणि बटाटे, या चौघांना ऑम्लेट. दुसऱ्या रात्री पुन्हा ऑम्लेट. जैन मुलगी पावाला लोणी लावून खात होती आणि तक्रारही करत नव्हती, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. मी डिरेक्टरला बाजूला घेऊन सांगितलं, की अंडं म्हणजे शाकाहार नाही, आणि हिला कांदा, लसूण, बटाटाही नको. तिने माझ्याकडून कागदावर यादी लिहून घेतली. तिसऱ्या रात्रीपासून तिचा फोन आमच्या आधी हॉटेलात पोचलेला असायचा. इटलीत टोमॅटोचा पास्ता लसणाशिवाय करून मिळाला, भाजलेली वांगी, ढोबळी मिरच्या, फळं मिळाली. फॉर्मवर विसंबू नका, पहिल्या दिवशी माणसाला तोंडाने सांगा. आणि ल्युसर्नला दुकानात दुपारचं जेवण घ्यायला लागलं तर खिशाला फार चटका बसतो, तिथल्यासाठी खाकरे राखून ठेवा.

ल्युसर्न ते फ्लॉरेन्स पूर्ण दिवस बसमध्ये गेला. तिथल्या नियमाने ड्रायव्हर साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास थांबतोच, गाडीतलं यंत्र सगळं नोंदवत असतं. उगाच घाई करू नका त्याला. गोटहार्डचा बोगदा सतरा किलोमीटरचा. आत शिरताना पाट्या जर्मनमध्ये, बाहेर पडल्यावर इटालियनमध्ये, देश मात्र तोच, स्वित्झर्लंड. मुलांना हे सांगितलं तर अर्धी झोपेत होती, पण जागी होती ती खिडकीला चिकटली.

फ्लॉरेन्समध्ये दुसऱ्या दिवशी दुपारी तीन तास मोकळे होते. सगळी मुलं चामड्याच्या बाजारात आणि जिलेटोच्या, म्हणजे इटालियन आइस्क्रीमच्या दुकानांत. मला एका ठिकाणी जायचंच होतं. आमच्या कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. परतताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला वारले. वय अवघं वीस. शाहू महाराज गादीवर यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती. शहराने खास परवानगी दिली आणि आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर महाराजांना हिंदू पद्धतीने अग्नी दिला. १८७४ मध्ये तिथे स्मारकाची छत्री उभी राहिली. खाली फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराने केलेला महाराजांचा अर्धपुतळा.

मी डिरेक्टरला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "जवळच्या पुलाचं नाव पोंते आल्ल'इंदियानो, भारतीयाचा पूल. मी शेकडो वेळा त्यावरून गेले, पण तो भारतीय कोण ते कधी विचारलं नाही." तिने मला नकाशावर ट्रॅम दाखवली, 'काशीने' नावाच्या स्टॉपपर्यंत. पुढे बागेतून झाडांखालून पाऊण तास चालायचं. लेक आली आणि तिच्याबरोबर आणखी पाच मुलं, त्यातली दोन टेक्सासची. घामाने निथळत पोचलो. बाग तिथे संपते, नद्या एकत्र होतात, आणि एका टोकाला, आजूबाजूला सायकलवाले आणि कुत्री फिरवणारे, मधे आपला फेटा बांधलेला राजा. रंगवलेला चेहरा, पोरगेलासा. मी वाकून नमस्कार केला. मुलांनी काही विचारलं नाही, पण टोप्या काढून उभी राहिली. लेकीला सांगितलं, महाराज या प्रवासात रोज डायरी लिहायचे, ती १८७२ मध्ये छापलीसुद्धा. तिने वही काढून तिथल्या पायरीवर बसून दोन पानं लिहिली. मी वाचायला मागितली नाहीत.

कोल्हापुरात वाढून मला हे ठिकाण चाळिशी उलटल्यावर बघायला मिळालं. कोणत्याही कंपनीच्या कार्यक्रमात ते नाही. मराठी मुलं फ्लॉरेन्सला जात असतील तर मोकळ्या वेळात घेऊन जा, अर्धा दिवस पुरतो.

दुसऱ्या दिवशी रोमच्या वाटेवर डिरेक्टरने बसमधला माइक माझ्या हातात दिला आणि म्हणाली, काल काय पाहिलं ते सगळ्यांना सांगा. मी सांगितलं, इंग्रजीत, अडखळत. असा माइक दुसऱ्याच्या हातात देणारी माणसं थोडी असतात.

फ्लॉरेन्सचं बाकी सगळं, म्हणजे डेव्हिडचा पुतळा, उफिझ्झी संग्रहालय, ब्रुनेलेस्कीचा घुमट, उत्तम स्थानिक गाईडने दाखवलं. एक गोष्ट पैशांची: इटलीतल्या सरकारी संग्रहालयांत, म्हणजे उफिझ्झी, अकादमिया, कोलोसियममध्ये, अठराच्या आतल्या मुलांना तिकीटच नसतं, फार तर बुकिंगचे दोन-चार युरो. कुठल्याही देशाची मुलं असोत. लूव्रमध्येही तसंच. तेव्हा "सर्व प्रवेश समाविष्ट" हे वाचून भुलू नका. तुमचे पैसे बस, हॉटेल आणि माणसांसाठी जातात, त्यांचा दर्जा विचारा.

रोममध्ये जुबिली, म्हणजे कॅथलिकांचं यात्रेचं पवित्र वर्ष चालू होतं, यात्रेकरूंची गर्दी आपल्या आषाढीसारखी. ऊन छत्तीसच्या पुढे. रस्तोरस्ती नासोनी म्हणजे सतत वाहणारे पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, थंडगार, फुकट. प्रत्येक मुलाला एक बाटली द्या, दुसरं काही नको. व्हॅटिकनला खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात हे आदल्या रात्री सांगूनही तीन मुली बिनबाह्यांच्या कपड्यांत आल्या. माझ्या दोन ओढण्या आणि लेकीचा स्कार्फ कामी आला.

व्हॅटिकनच्या दाराशी रंगीत पट्ट्यांच्या गणवेशातले पहारेकरी उभे होते. ल्युसर्नला "दहा ऑगस्ट" म्हणणारा तो मुलगा डिरेक्टरपाशी गेला आणि विचारलं, "हेही स्विसच ना?" तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळा ग्रुप, सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस, उन्हातच थांबवून सांगितलं: १५०६ मध्ये पोपच्या रक्षणासाठी स्विस सैनिकांची तुकडी उभी राहिली, आणि १५२७ च्या ६ मे रोजी रोम लुटलं गेलं तेव्हा त्यातले १४७ जण मेले. अजूनही नवे रक्षक सहसा ६ मे रोजी शपथ घेतात. पॅरिसमधल्या रिकाम्या बागेत सुरू झालेली गोष्ट तिने तीन देश ओलांडून त्या दारात आणून पोचवली. त्या दिवशी सिस्टिन चॅपलमध्ये आम्हाला जेमतेम वीस मिनिटं मिळाली, ट्रेवीच्या कारंज्यापाशी रांगेतच वेळ गेला, त्याची कोणाला फार खंत वाटली नाही.

तर पाठवायचं का? हो, पाठवा. पण सही करायच्या आधी हॉटेलांची नावं आणि पत्ते मागा, दुसरा ग्रुप जोडणार का ते लेखी घ्या, आणि रोज रात्री मुलं किती वाजता झोपणार ते कार्यक्रमावर बोट ठेवून विचारा. सहाच्या गजराला शाळेच्या बाईंनीही आता हरकत नोंदवली आहे.

पुढची यादी निघाली आहे, या वेळी दुसऱ्या वाटेने. धाकट्याचं नाव मी घातलं. कंपनीला पत्रात लिहिलं, की टूर डिरेक्टर तीच रोमची बाई हवी. अशी हमी देता येत नाही, असं त्यांचं उत्तर आलं. मी पुन्हा लिहिलं आहे.